उतरता खांदा

"हात पसर पाखरा, सोड थोडा वारा, हलू नको जरा."

लहानपणी शिलाई मशीनशेजारी उभं राहून माप देताना ऐकलेला बाबांचा तो आवाज धाकटीला नेमका आत्ता आठवला. आत्ता हात पसरता येत नव्हते, श्वास सोडता येत नव्हता आणि हलायची तर सोयच नव्हती. परक्या देशातल्या दुकानाच्या सेलमध्ये, कपडे घालून बघायच्या पडद्यामागच्या हातभर खोलीत, निम्म्या किमतीचा निळा ड्रेस तिच्या अंगात रुतून बसला होता. पाठीवरची चेन अर्ध्यावर अडकली होती. वर जाईना, खाली येईना.

"पोट आत घे," आई कुजबुजली.

"घेतलंय गं. आता आत जागा नाही."

"मग तिला कसा दिसेल हे मला कळायचं कसं?"

ती म्हणजे थोरली. धाकटी गुबगुबीत, थोरली वाऱ्यावरच्या काडीसारखी, हातही लांबसडक. तिच्या लग्नाचा पोशाख बाबांनी स्वतः शिवला होता, इस्त्री करून ठेवला होता. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी ती आपल्या मनाच्या माणसाबरोबर निघून गेली. बाबा रडले नाहीत, ओरडले नाहीत. एकदा घेतलेलं माप जन्मात न विसरणारा तो शिंपी एवढंच म्हणाला, "तिचं माप मी विसरलो." त्या दिवसापासून घरात तिचं नाव निघालं नाही. निघालं ते आईच्या फोनवर, न्हाणीघराचा नळ सोडून, हळू आवाजात.

थोरली आता याच शहरात राहत होती, दोन स्टेशनं पलीकडे. सहलीचा आज शेवटचा दिवस. संध्याकाळी ती हॉटेलच्या मागच्या दाराशी येणार, आई काहीतरी निमित्त काढून खाली उतरणार, हातात एक पिशवी देणार, डोळे भरून बघणार, परत वर येणार. लेकीची भेट म्हणावी तर एवढीच.

पण बाबा सकाळपासून पाठ सोडत नव्हते. दुकानामागून दुकान ते सोबत हिंडले. प्रत्येक कपडा उलटा करून शिवण बघत, नाक मुरडत, खिशातली टेप चाचपत. त्या टेपेवरून आईने विमानतळापासून त्यांचं डोकं खाल्लं होतं. "माणसं परदेशात कॅमेरा घेऊन येतात. आमचे हे टेप घेऊन आलेत. कुणाची चड्डी मापायचीय इथे?"

"असू दे," बाबा म्हणत.

आत्ता ते बाहेर बाकावर बसले होते. बायकांच्या पिशव्या सांभाळणाऱ्या परक्या नवऱ्यांच्या रांगेत.

आईने चेन पुन्हा ओढली. कापड करकरलं.

"फाडशील," धाकटी म्हणाली. "बाबांना बोलव."

"वेडी का काय? एका नजरेत ओळखतील, कुणासाठी आहे ते."

"मग मी विमानात अशीच बसू का?"

बाहेर कुणीतरी पडद्यावर टकटक केल्यासारखं खाकरलं. मागे रांग लागली होती. धाकटीच्या कपाळावरून घाम ओघळला. आई तिच्याकडे बघत राहिली, मग पडद्याकडे. जाळ्यात दोघी, आणि जाळं सोडवणारा तोच, ज्याच्यापासून लपायचं. शेवटी आईने डोकं बाहेर काढलं.

"अहो... जरा इकडे येता का?"

धाकटी मागे मागे सरत पडद्याबाहेर आली, पाठ बाबांकडे करून. बाबांनी चेन पाहिली. "साबण आहे?" त्यांनी विचारलं. आईने निमूट पर्स उघडली. हॉटेलातून उचललेल्या साबणाच्या वड्यांनी ती भरली होती. बाबांनी एक वडी चेनीच्या दातांवरून फिरवली.

"श्वास सोड," ते म्हणाले.

चेन सुळ्ळकन खाली आली. धाकटीच्या छातीत वारा भरला. पण बाबांचा हात बाजूला झाला नाही. तो तिच्या खांद्यावरच्या शिवणीवरून सरकला, बाहीवरून खाली उतरला आणि तिच्या बोटांच्याही पुढे लोंबणाऱ्या बाहीच्या टोकाशी थांबला.

"हिच्या मैत्रिणीसाठी बघतोय," आई घाईघाईने म्हणाली. "ती जरा उंच आहे."

बाबा बाहीचं टोक अंगठ्याने चुरत राहिले.

"हा नको," ते म्हणाले. "डावीकडून घसरेल. तिचा डावा खांदा उतरता आहे."

आईच्या हातातली पर्स कलली. साबणाच्या वड्या फरशीवर घरंगळल्या. कुणीच वाकलं नाही.

"तुम्ही तर म्हणाला होतात," आई म्हणाली, "विसरलात म्हणून."

बाबांनी खिशात हात घातला. टेप बाहेर काढली. कडा झिजलेली, आकडे पुसट झालेली ती टेप त्यांनी बोटांभोवती गुंडाळली, पुन्हा सोडली.

"आठवतंय ते जुनं माप. आता नवं घ्यायला हवं, म्हणून तर ही आणली," ते म्हणाले. "आणि नळ सोडला तरी न्हाणीघरातलं बोलणं बाहेर ऐकू येतं. तिला सांग, मागच्या दाराने नको, पुढच्या दाराने ये."