बिनलसणाचं जेवण

म्हैसूरच्या हॉटेलातलं खिडकीजवळचं टेबल अच्युतरावांनी सहलीला निघण्याआधीच फोन करून सांगून ठेवलं होतं. शालनताईंसाठी मोगऱ्याचा गजरा, दोघांसाठी खास जेवण, आणि कशातच लसूण नको. सहलीतली बाकीची मंडळी राजवाड्याची रोषणाई बघायला गेली होती. अच्युतरावांचा हात सारखा खिशातल्या अंगठीच्या डबीकडे जात होता. अशा वेळी छाती धडधडायला हवी, पण बायको गेल्यापासून सहा वर्षांत ती कशानंच धडधडली नव्हती.

"भाजी जरा मिळमिळीत आहे, नाही?" शालनताई म्हणाल्या.

"लसूण घालू नका म्हणून मीच सांगितलं. तुम्ही खात नाही ना."

"मी? लसणाच्या चटणीशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

अच्युतरावांचा घास हातातच राहिला. लसूण त्यांच्या माळकरी बायकोला चालत नव्हता. आपल्याला शरम वाटायला हवी, असं त्यांच्या मनात आलं. तीही वाटेना.

लसूण कुणाला चालत नव्हता, ते शालनताईंना कळलं. त्यांनी एकदा गजऱ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "खिशातलं आज राहू द्या," आणि वेटरला हाक मारून लसणाची चटणी मागवली. अर्धी स्वतःच्या ताटात घेतली, उरलेली त्यांच्यापुढे सरकवली.

"तुम्हाला आवडते का?"

अच्युतरावांना सांगता येईना. पस्तीस वर्षं त्यांच्या घरात लसूण आलाच नव्हता. त्यांनी चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली. जीभ चांगलीच पोळली.

त्यांनी आणखी थोडी घेतली.