शालनचं सकाळचं पान

शालन गेल्यापासून सावंतांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या पडद्यावर रोज सकाळी तिच्या शब्दांतलं एक पान उमटायचं. गेलेल्या माणसांची अशी पानं बनवणारी एक कंपनी तिच्या साठवलेल्या जुन्या बोलण्यातून ते रोज नव्याने जुळवायची. शेवटची ओळ मात्र ठरलेली असायची: "अहो, तुम्ही माझं खूप केलंत."

आजारपणात शालन असं काही बोलली नव्हती. आधी कधीतरी म्हणाली असेल, या आशेवर सावंत दिवस काढत होते. जन्मभर ती त्यांना 'सावंत' म्हणूनच हाक मारायची, पण त्या 'अहो'कडे त्यांनी काणाडोळा केला.

मग एकदा ते शेजारच्या मोहित्यांकडे चहाला गेले, तर त्यांच्या भिंतीवरही त्यांच्या वारलेल्या बायकोच्या पानात तीच ओळ.

सावंतांनी कंपनीत फोन लावला.

"काका, पान तयार होताना एखाद्या ओळीसाठी माहिती मिळाली नाही, तर तसं दाखवायचं नाही असं ठरलंय," तिथली मुलगी म्हणाली. "तिथे आम्ही सगळ्यांना आवडणारी ओळ घालतो."

"माझ्या पानावर जे नाही ते नाही असंच दिसू दे."

"फार ओकंबोकं दिसेल हो."

"घर तरी कुठे भरलेलं आहे?"

दुसऱ्या दिवशी पान जवळजवळ कोरं आलं. वर तेवढं लिहिलं होतं: "सावंत, ओला टॉवेल पलंगावर टाकू नका. शंभरदा सांगितलंय."

सावंतांना हसू आलं. हीच ती. पलंगावरचा टॉवेल त्यांनी दोरीवर वाळत घातला आणि परत येऊन शेवटची ओळ वाचली.

"माहिती सापडली नाही."