घटाचा मान

सून वनमाला बाजूला बसायची त्या चार दिवसांत म्या तिची सावलीसुद्धा देव्हाऱ्यावर पडू दिली न्हाय. तिची पाळी कायमची गेली, तसा नवरात्राच्या घटाचा मान तिला दिला. तिनं माहेरी फोन करकरून सांगितलं.

तीन नवरात्रं सांभाळली. परवा चक्कर येऊन पडली, म्हणून धाराशिवला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिची झोप विचारली, जिवाची घालमेल विचारली, घरात मन मोकळं कुणापाशी करता तेही विचारलं. तपासण्या झाल्यावर म्हणाल्या, "गाठ पसरलीय. पाळी गेल्यावर परत अंगावरून जायला लागलं, तेव्हाच यायचं होतं. कधीपासून जातंय?"



वनमालानं माझ्यापुढं हात जोडले. "पहिल्या घटापासून, आत्याबाई. देव बाटला माझ्या हातून."