सुजलेला जबडा

डॉक्टरबाईंनी बरणीवर बॅटरीचा झोत मारला आणि माशाच्या मादीने त्यांच्यादेखत तोंडातून पिल्लं बाहेर टाकली. एक नाही, दोन नाही, चांगली चमचाभर. खसखशीएवढे डोळे आणि मागे वळवळणारी शेपटी. डॉक्टरबाई दातांच्या. लोकांना ‘आ करा’ म्हणण्यात निम्मं आयुष्य गेलेलं, पण कुणाच्या तोंडातून असा अख्खा संसार बाहेर पडताना त्यांनी पाहिला नव्हता. त्या थक्क होऊन बघत राहिल्या, तेवढ्यात मादीने उसळी मारली आणि ती थेट कपाटामागे जाऊन पडली. जड कपाट एकटीने सरकवेपर्यंत सगळं संपलं होतं.

झालं होतं असं. बरेच दिवस ही मादी काही खात नव्हती आणि तिचा जबडा सुजल्यासारखा दिसत होता. सुजलेला जबडा आणि अन्नावर वासना नाही, म्हणजे गळू. डॉक्टरबाईंना दुसरं काय सुचणार? काचेच्या हौदातले मासे नवऱ्याचे. तो लिफ्टदुरुस्तीवाला, सकाळी गेला की संध्याकाळी उगवायचा. म्हटलं, बरणीत काढून आपणच तपासून टाकू.

खरं सांगायचं तर त्यांना या घरात कुणाच्या तरी उपयोगी पडायचं होतं. लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. नवऱ्याची पहिली बायको वारलेली, मागे एक मुलगी, दहा वर्षांची. मुलगी रुसत नव्हती, उलट बोलत नव्हती. फक्त त्यांना कशानेच हाक मारत नव्हती. काही हवं असलं की ‘ऐका ना’ म्हणायची. ‘अगं साहेब, असं बायका नवऱ्याला म्हणतात,’ बाप हसायचा. तो लेकीला साहेबच म्हणायचा.

आई गेल्यावर मुलीला मावशीने सांभाळलं होतं. मावशीने आता स्पष्टच विचारलं होतं, तिथे करमत नसेल तर कायमची माझ्याकडे ये. बापाने निर्णय मुलीवर सोडला होता आणि मावशी आज फोन करणार होती. मुलगी राहावी असं डॉक्टरबाईंना अगदी पोटातून वाटत होतं. पण ते तिला सांगायचं कुठल्या नात्याने?

आणि नेमकी आजच मुलगी शाळेतून आली ती सरळ या प्रसंगात. तिने ओली फरशी पाहिली, सरकवलेलं कपाट पाहिलं, डॉक्टरबाईंच्या ओंजळीतली मेलेली मादी पाहिली.

“मला वाटलं, जबडा सुजलाय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “चुकलं माझं.”

“या माद्या पिल्लं तोंडात सांभाळतात,” मुलगी म्हणाली. मग तिने बरणी उचलली. “ऐका ना, आधी यांचं बघू. या.”

ती आपल्या खोलीत शिरली. त्या खोलीत डॉक्टरबाईंनी न विचारता कधी पाऊल टाकलं नव्हतं. आत टेबलावर एक छोटी काचेची पेटी होती आणि तिच्यात तसलीच दुसरी मादी, भोवती तिची पिल्लं. ही वेगळी ठेवलेली होती.

“हिची आता बाहेर फिरतात. भीती वाटली की परत तोंडात.”

“आणि ही इतके दिवस उपाशी?”

“हो.”

“चुकून गिळत नाही?”

“नाही गिळत. बाबा म्हणतात, कसं ते त्यांनाही माहीत नाही.”

डॉक्टरबाई एवढं सगळं झालेलं असूनही वाकून बघायला लागल्या. एवढ्याशा तोंडात इतकी मावतात कशी, ती श्वास घेते कुठून, हे त्यांना खरोखरच कळेना.

मुलीने बरणीतली पिल्लं चमच्याने अलगद पेटीत सोडली. मग पाण्यावर हात धरला. सावली पडताच मादीची स्वतःची पिल्लं सुळकन तिच्या तोंडात गेली. नवीन पिल्लं कोपऱ्यातल्या दगडाशी घोळका करून राहिली. मादी त्यांच्याजवळ गेली आणि तोंड उघडून थांबली.

घे गं बाई, घे, डॉक्टरबाई मनात म्हणत होत्या. आईवेगळ्या पोरीच्या घरात आपण आणखी काही पिल्लांची आई मारली, आता हिने यांना झिडकारलं तर ही मुलगी इथे कशाला राहील? राहू नयेच तिने.

मुलगी काचेला नाक लावून बसली होती, पापणी लवत नव्हती. एक पिल्लू पुढे गेलं, मागे फिरलं. पुन्हा गेलं. आणि आत शिरलं. मग दुसरं, मग सगळी.

“घेतली,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि मटकन पलंगावर बसल्या. “घेतली तिने.”

बाहेर फोन वाजला. मुलगी उठली. दारातून तिचा आवाज ऐकू येत होता. “हं, मावशी. नाही, न्यायला नको येऊस. भेटायला ये. हो, नीट विचार करून सांगतेय.”

ती परत येऊन काचेसमोर बसली. डॉक्टरबाईंचे डोळे भरून आले होते, पदर नव्हता म्हणून त्यांनी बाहीनेच पुसले.

“तिने परकी पिल्लं घेतली म्हणून राहतेस?”

मुलीने मान हलवली, नाही म्हणून. “ती घेणारच होती. कधीची तोंड उघडून थांबली होती ना. पिल्लं जातात का, ते बघत होते मी.”