चौथीचा भागाकार

हे टाकनारच नव्हतो, कारण गुरुजीबी गावच्या ग्रुपवर हायेत. पण आता टाकतोच.

माह्या दोस्ताची, संघपालची, पोरगी खुशबू पहिलीत हाये, पण चौथीचं गनित करते. तिले वरच्या वर्गात बसवा, असं सांगाले आम्ही दोघं शाळेत गेलो. गुरुजीनं मोबाईलातून मान वर केली नाई.

"सहा वर्साची पोरगी चौथीत? तू सोता दहावी नापास, अन् मले शाळा शिकवतं काय बे? पहिलीतच बसन ते. नियम हाये!"

संघपाल मान खाली घालून निंगाला. चौथीच्या दारापाशी थबकला. आत खुशबू खुर्चीवर उभी राहून मोठ्या पोरायले फळ्यावर भागाकार समजावून राह्यली होती.

"गुरुजी रोज मलेच शिकवाले लावते, बाबा."


मी संघपालले शब्द देला, "उद्या पोरीले घरीच ठेव. गुरुजी भागाकार कसा शिकवते, त्याचा व्हिडिओ मी गावच्या ग्रुपवर टाकतो."