पेस्टवरचा अंगठा

नवा कॉम्प्युटर मी स्वतः जोडला, आणि तो सारखा बंद पडू लागला. रॅम बदलली, पॉवर सप्लाय बदलला, तरी तेच. दुकानदार वैतागून म्हणाला, "प्रोसेसरवरची पेस्ट बघा. बोट लावलं असणार तुम्ही."

प्रोसेसरची उष्णता वरच्या पंख्याकडे नेणाऱ्या त्या पेस्टला मी कधीच बोट लावत नाही, जुन्या कार्डाने पसरवतो. पण पंखा उचलून पाहिलं, तर करड्या पेस्टवर अंगठ्याचा ठसा होता. मधोमध आडवा व्रण.

"तुझाच असेल," बायको म्हणाली. दोघांनी आपापले अंगठे उजेडात धरले. व्रण कुणालाच नव्हता.

पेस्ट पुसून नवी लावली, या वेळी हातमोजे घालून. पंखा तिच्यादेखत घट्ट आवळला. मशीन सुरू झालं आणि थोड्या वेळात त्याने पुन्हा मान टाकली.

पंखा उचलला. ठसा नव्हता. पेस्टच्या थरातून अंगठ्याएवढी जागा मात्र स्वच्छ पुसून निघाली होती.

"चला, ठसा तरी गेला," मी उसनं हसत म्हणालो.

बायको माझ्या पाठीमागे उभी होती.

"हलू नकोस," ती हळूच म्हणाली. "तुझ्या मानेवर आहे तो. आणि आता शेजारी दुसरा उमटतोय."