थंडगार घर

दार उघडून आत पाऊल टाकलं आणि प्रणित जागीच थबकला. भर मे महिन्यात घर भट्टीसारखं तापलं होतं. मागोमाग घरकुल योजनेचे साहेब घाम पुसत आत आले. बाहेरून आलो म्हणून घाम येतोय, असं त्यांना वाटलं.

घर प्रणितच्याच डोक्यातून उतरलेलं. पुण्याच्या ऑफिसात त्याने ते आधी कम्प्युटरवर उभं केलं आणि जंगलाकाठच्या आपल्या मोहर्लीकडचा अख्खा उन्हाळा त्यावर तापवून पाहिला. रात्रभर खिडक्या उघड्या, दिवसभर बंद. जाड भिंती रात्री निवतात, दुपारी गारवा देतात. पडद्यावर आकडे असे देखणे आले की साहेब खूश! नमुन्याचं पहिलं घर त्याच्या आईला, रुखमाबाईला मिळालं. आज ते पास झालं की गावातली सगळी मातीची घरं पाडून अशीच बांधायची. आई तर फोनवर रोज घराचं कौतुक करायची.

त्याने घरात उभ्या आईला बाजूला ओढलं. "आई, रात्री खिडक्या उघडतेस ना?"

"येडा झाला का? बिबट फिरते ना अंगणात. गज असले म्हून का झालं, खिडकीशी येऊन उभं राह्यते. दिवे लागले का कड्या लावाच लागते. तुले मालूम नाई?"

मालूम होतं. लहानपणी त्या कड्या तोच लावायचा. कम्प्युटरसमोर बसल्यावर मात्र बिबट त्याच्या डोक्यात आलाच नाही.

"काय बाई, कसं आहे घर?" साहेबांनी विचारलं.

खरं बोललं तर नोकरी गेली. नाही बोललं तर सारं गाव असंच भाजून निघणार. प्रणितने तोंड उघडलं. पण लेकाचा उतरलेला चेहरा आईने आधीच पाहिला होता.

"थंडगार हाये साहेब," पदराने मान पुसत ती म्हणाली. "माह्याच पोरानं बांधलं ना."

प्रणितने तोंड मिटलं. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त सुटल्यासारखं वाटलं. साहेबांनी त्याची पाठ थोपटली, मंजुरी तिथंच सांगून टाकली आणि एसी गाडीकडे लगबगीने निघाले.

गाडी वळणाआड जाताच आईने सतरंजी काखेत मारली आणि समोरच्या जंगूभाऊच्या मातीच्या घराकडे निघाली.

"चाल, तिथी पडू. मी तं रोज दुपारी तिथीच पडतो."

गार ओसरीत अंग टाकता टाकता तिने सहज विचारलं, "बाबू, आता हेबी पाडतीन. मंग येत्या उन्हाळ्यात आपण कुठी जाचं रे?"